घंटा वाजवणाऱ्याचा पगार

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘तू आयटीत आहेस, त्यातलं काहीतरी बोल, मुलांना मार्गदर्शन होईल.’ पण समोर मुलं नाहीत, आपणच आहोत, आणि आपल्यापैकी निम्म्यांनी चष्मा विसरल्यामुळे कार्यक्रमपत्रिका हात लांब करून वाचली हे मी पाहिलं आहे. तेव्हा मार्गदर्शन राहू द्या. आज दुपारच्या बैठकीत एक ठराव यायचा आहे. आपण जमवलेल्या निधीतून शाळेसाठी एक शिपाई-कम-चौकीदार आणि साफसफाईला एक बाई ठेवायची, आणि ती माणसं एका एजन्सीमार्फत घ्यायची, असा तो ठराव आहे. मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे. त्या निमित्तानं एका मोठ्या प्रश्नाबद्दलही बोलता येईल. झाडणारा, पुसणारा, राखण करणारा, वाढणारा, घरपोच आणून देणारा, अशा कमी पगारावर राबणाऱ्या माणसाची त्याचा मालक पिळवणूक करतो का? हा प्रश्न काढला की लगेच दोन तट पडतात. मला त्याचं उत्तर आपल्या शाळेच्या घंटेपासून शोधावंसं वाटतं.

घंटा म्हणजे आपली ती रुळाचा तुकडा टांगलेली. मधल्या सुट्टीची दोन टोल, शाळा सुटल्याची लांबलचक. ती वाजवणारे मामा सगळ्यांना आठवत असतील. ते पाण्याच्या टाकीवर झाकण ठेवायचे, परीक्षेत पुरवण्या आणून द्यायचे, आणि उशिरा येणाऱ्याला फाटकातून आत घ्यायचं की नाही हे खरं तर तेच ठरवायचे. पण आपल्याला शाळेत असताना एक गोष्ट माहीत नव्हती, ती आज इथे बसलेल्या सरांना नक्की माहीत आहे. मामांना वेतनश्रेणी होती. महागाई भत्ता होता, रजा होती, निवृत्तीनंतर पेन्शन होतं. त्यांच्या पगारात त्यांची मुलं शिकली. त्यांच्यातला एक तर आपल्या मागच्या बॅचचा.

हे मामांना कोणाच्या चांगुलपणामुळे मिळालं नव्हतं. ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवेच्या शर्ती विनियमन अधिनियम’, १९७७, हे लांब नाव त्यामागे आहे. जुन्या सरांना त्याच्या आधीचे दिवस ऐकून तरी ठाऊक असतील. सही एका आकड्यावर करायची, हातात दुसराच आकडा पडायचा, आणि संस्थाचालकाची मर्जी फिरली की उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा बोलावणं नाही. त्या कायद्यानं शिक्षकाला आणि शिपायालाही एकाच छत्राखाली घेतलं. काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येऊ लागली. म्हणजे ‘मला का काढलं?’ या प्रश्नाचं उत्तर देणं कोणावर तरी बंधनकारक झालं. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोण आलं? ११ डिसेंबर २०२० चा शासन निर्णय आहे. खाजगी अनुदानित शाळांतली शिपाई, पहारेकरी, सफाई कामगार अशी चतुर्थश्रेणीची पदं, त्यावरचा माणूस निवृत्त झाला की व्यपगत व्हायची. त्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ द्यायचा. मुंबईला महिन्याला १०,००० रुपये, मोठ्या शहरांना ७,५००, आणि उरलेल्या महाराष्ट्राला, म्हणजे आपल्याला, ५,०००. पद गेलं, भत्ता आला. भत्ता शाळेला आहे, माणसाला नाही, हेही बघा.

मी हिशेबाचं खाते, म्हणून हिशेब करते. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५,००० म्हणजे दिवसाला १९२ रुपये. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये आहे. तलावातला गाळ काढणाऱ्याला जे सरकार ३१२ देतं, तेच सरकार शाळेची घंटा वाजवणाऱ्यासाठी १९२ धरतं. त्याच शाळेत दुपारी खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं मानधन २,५०० रुपये, तेही २०२३ मध्ये १,५०० वरून वाढवल्यावर, आणि तेही वर्षातले दहा महिने. चूल फुंकणं, भांडी घासणं, शंभर-दीडशे पोरांना वाढणं, सगळं त्यात आलं.

यावर नेहमी येणारं उत्तर मला माहीत आहे, आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते परवाच येऊन गेलं. ‘तो राजीखुशीनं येतो ना? जबरदस्ती कोणी केली? गावात बसून राहण्यापेक्षा पाच हजार काय वाईट?’ हे उत्तर मी उडवून लावणार नाही. आपल्या तालुक्यात खारपाणपट्ट्यातली जमीन, कोरडवाहू कपाशी, पाऊस दगा देतो. पुण्या-सुरतेला जाऊन बारा तास उभं राहणारा मुलगा वेडा नाही. इथल्यापेक्षा तिथं बरं, असा हिशेब करूनच तो जातो. त्याला ‘तू पिळला जातोस’ असं सांगायला गेलं तर तो विचारेल, ‘मग तुम्ही देता का काम?’ आणि त्याचं बरोबर आहे.

पण याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली जे म्हटलं ते फार थोड्यांना माहीत असतं. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती. मजूर ठेकेदारांचे, कामं सरकारी यंत्रणांची. मजुरांना किमान वेतनसुद्धा पुरतं मिळत नव्हतं. न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमातली सक्तीची मजुरी आहे. कोणी पायात बेडी घातली नसेल, पण भूक आणि दुसरा पर्याय नसणं हीसुद्धा सक्तीच. आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला सुटता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. ‘राजीखुशीनं येतो’ या वाक्याला याहून नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही.

आता सालदाराकडे येऊ. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी सालदार होते, काहींचे वडील सालदार होते, आणि दोन्ही प्रकारची माणसं एकाच बाकावर बसून शिकली. पाडव्याला साल संपायचं, पाडव्यालाच नवं ठरायचं. अमुक पैसे, अमुक ज्वारी, कपड्यांचा जोड, पायात वहाण, आणि आधी उचल. त्या पद्धतीचं मला कौतुक नाही. उचल फिटत नाही म्हणून पुढचं साल, पुढच्या सालाची पुन्हा उचल, असं कित्येकांचं आयुष्य गेलं. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा अशाच गाठींसाठी करावा लागला. पण एक होतं. सालदाराला मालक कोण हे माहीत होतं. भांडायचं असलं तर कोणाच्या ओसरीवर जायचं हे ठाऊक होतं, आणि चार माणसांत मालकाला लाज वाटेल असं बोलताही येत होतं.

आजच्या सालदाराला ओसरीच सापडत नाही. मी पुण्यात ज्या सोसायटीत राहते तिथे फाटकावर एक मुलगा होता. त्यानं फोनवर कोणाला तरी ‘कवा येतं बे?’ म्हटलं आणि मी थांबले. बावनबीरकडचा निघाला. मग गाठ पडली की दोन शब्द व्हायचे. एकदा दीड महिना पगार झाला नव्हता. म्हणाला, “ताई, एजन्सीवाला म्हणते सोसायटीनं पैसे देल्ले नाहीत. सोसायटीवाले म्हणतात आम्ही कवाचेच देल्ले. मी कोनाच्या घरी जाऊ?”

मी तेव्हा कमिटीवर होते, बिलं काढून पाहिली. सोसायटी एका गार्डमागे एजन्सीला २१,००० देत होती, वेळेवर देत होती. त्याच्या हातात १३,००० येत होते, बारा तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी नाही. मधल्या ८,००० त पीएफ, विमा, गणवेश सगळं आहे असं बिलावर छापलं होतं, आणि मुलाकडे पीएफचा नंबरच नव्हता. आता यात पिळवणूक कोणी केली? एजन्सीचा मालक म्हणणार, ‘सगळ्यात कमी दराची निविदा तुम्हीच मागता.’ ते खोटं नाही. तीन कोटेशनं आली की आमची कमिटी सगळ्यात खालच्यावर बोट ठेवायची. दर खाली आला तो कुठून आला हे कोणी विचारायचं नाही. तो येऊ शकेल अशी जागा एकच असते.

कायदेशीर द्यायचं म्हटलं तर किती लागतं तेही मांडलं. १५,००० पगारावर मालकाचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,८००. कर्मचारी राज्य विमा ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०. एकूण ३,५३८. शंभर फ्लॅटांत वाटले तर एका गार्डमागे घरटी ३५ रुपये, पाच गार्ड धरले तर १७७. दर महिन्याच्या बिलासोबत पीएफचं चलन जोडल्याशिवाय पैसे नाहीत, असा नियम करावा म्हणून मी सर्वसाधारण सभेत मांडलं. त्यावर दीड तास चर्चा झाली. त्याच सभेत लॉनवरचे शोभेचे दिवे पाच मिनिटांत मंजूर झाले होते. नियम झाला, पण थोड्या मतांनी झाला.

कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात स्पष्ट होतं की ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर मूळ मालकानं द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. गेल्या २१ नोव्हेंबरपासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही हे तत्त्व ठेवलं आहे. कायदा आहे तो असा. पण फाटकावरच्या मुलाला तो कोणी सांगत नाही, आणि मूळ मालक आपणच, हे फ्लॅटवाल्यांना ऐकायला आवडत नाही.

माझ्या धंद्यातलं एक सांगते, मग तुम्ही म्हणाल आयटीचं झालं एकदाचं. घरपोच जेवण, किराणा आणणारी मुलं अॅपवर काम करतात. त्यांना विचारा, आज पैसे कमी का? ते म्हणतील, ‘अॅपनं कापले.’ रेटिंग घसरलं म्हणून पाळी मिळाली नाही, बारावी ऑर्डर झाली नाही म्हणून दिवसाचा इन्सेन्टिव्ह गेला, आणि एक दिवस आयडीच बंद. मी वीस वर्षं प्रोग्रॅम लिहिते आहे, त्यामुळे ठामपणे सांगू शकते की अॅप काही करत नाही. बाराव्या ऑर्डरचा तो आकडा कोणीतरी बैठकीत ठरवलेला असतो, कोणीतरी टाइप केलेला असतो, आणि तो अकरा करायला एक ओळ बदलावी लागते. ऊसतोडीचा मुकादम निदान समोर दिसायचा, शिवी तरी देता यायची. हा मुकादम खिशात असतो आणि दिसत नाही. वर त्या मुलाचं नाव ‘पार्टनर’. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणासाठी द्यावी असं आहे, आणि राजस्थाननं २०२३ साली यासाठी स्वतंत्र कायदाच केला. सुरुवात म्हणून ठीक.

शब्दांचं मला राहून राहून नवल वाटतं. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. नोकर म्हणायचं नाही, सेवक म्हणायचं. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा आपल्यातले जे डी.एड., बी.एड. करून लागले त्यांना माध्यमिकला महिना ४,००० वर तीन वर्षं काढावी लागली. इथे बसलेत ते. शेजारच्या वर्गावरचे कायम सर आणि हे सेवक, शिकवणं तेच, फळाही तोच. आणि विनाअनुदानितवर दहा-दहा वर्षं बिनपगारी काढलेले दोघे-तिघे आहेत, त्यांना आज जेवताना बाजूला बसवून विचारा. सेवा हा शब्द आपल्या भागात शेगावमुळे फार मोठा आहे. संस्थानात सेवाधारी पाळीनं येतात, मोबदला घेत नाहीत, घरचं पोट दुसरीकडून भरलेलं असतं. ती सेवा. ज्याचं पोट त्याच कामावर आहे त्याला सेवक म्हणून कमी द्यायचं, हा त्या शब्दाचा गैरवापर आहे. अंगणवाडी ताईंच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये हेच सरळ केलं. मानधन म्हटलं तरी ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं ते वेतनच, आणि ग्रॅच्युइटी द्यावी लागेल.

मग पिळवणूक होते का? माझं मत असं झालं आहे की पगार कमी आहे एवढ्यावरून ते ठरत नाही, आणि मालक प्रेमळ आहे की खाष्ट यावरून तर मुळीच नाही. आपल्या कामवाल्या मावशींना दिवाळीला साडी देणारी, त्यांच्या पोरीच्या लग्नाला आहेर करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्याच घरात मावशी पडून हात मोडला तर महिन्याचा पगार कापतात. माणूस कमावलेले पैसे बुडू न देता काम सोडू शकतो का, ठरलेली रक्कम त्याच्या हातात येते का, आणि तो पडला, आजारी झाला, काढला गेला तर उत्तर द्यायला कोणी बांधील आहे का, मी हे पाहते. बहुतेक ठिकाणी तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ येतं, आणि ते नसलं की पहिल्या दोहोंचंही फार दिवस टिकत नाही.

महाराष्ट्रानं हे एकदा फार चांगलं सोडवून दाखवलं आहे. पाठीवर पोती वाहणारा हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मालक कोण ते ठरवायचं कसं? अण्णासाहेब पाटलांची मुंबईतली चळवळ, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, यांतून १९६९ चा माथाडी कायदा पुढे आला आणि रुजला. त्याची युक्ती साधी होती. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची. मंडळ हमालाला पगार देणार, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना, सुट्ट्या. मालक दहा असोत, उत्तर देणारं एक. बाबा आढाव गेल्या डिसेंबरात गेले, पंचाण्णवाव्या वर्षी. गाडीतळावरच्या माणसाला म्हातारपणी फंड मिळू शकतो, हे त्यांच्या पिढीनं शक्य करून ठेवलं.

१९८१ साली हीच रीत खाजगी सुरक्षारक्षकांसाठी आणली. त्यात सूट मिळवण्याची सोय ठेवली आणि एजन्स्यांचं पुन्हा फावलं. २००८ साली घरेलू कामगारांचं कल्याण मंडळ झालं. पण त्यात घरमालकाचा वाटाच ठेवला नाही. मंडळ सरकारच्या देण्यावर चालतं, त्यामुळे कधी पंचावन्न वर्षं झालेल्या बायांना दहा हजारांचं सन्मानधन, कोविडमध्ये दीड हजार, असं अधूनमधून काही येतं. म्हातारपणाची सोय होईल असं त्यातून काही उभं राहिलं नाही. तीन कायद्यांतला फरक कोणी पैसे भरायचे आणि कोणाला भरावेच लागतात, एवढाच आहे.

आता आपला ठराव. एजन्सी घ्यावी म्हणणाऱ्यांची अडचण खरी आहे. आपण देणगीदार, आपली नोंदणीकृत संस्था लहानशी. उद्या माणूस म्हणाला मला कायम करा, तर कोण बघणार? मुख्याध्यापकांनाही वेगळी डोकेदुखी नको. मलाही यातून एकदम कायम पद निर्माण करता येत नाही, ते शासनाचं काम आहे आणि त्यासाठी निवेदन स्वतंत्र द्यावं लागेल. पण एजन्सी आणून आपण फक्त ओसरी लपवू. म्हणून मी दुसरा मसुदा केला आहे. माणूस शाळेच्या नावानं नेमायचा, लेखी, कामाचे तास आठ, आठवड्याची सुट्टी, वर्षाच्या रजा लिहून. पैसे त्याच्या खात्यात, रोख नाही. कमीत कमी रोजगार हमीचा दर धरायचा, म्हणजे २६ दिवसांचे ८,११२. भत्त्याचे ५,००० शाळेकडून, वरचे ३,११२ आपल्याकडून. आपण ग्रुपवर १२० जण आहोत, माणशी महिना २६ रुपये. सफाईच्या ताईंसाठी भत्ता नाही, त्यांचे पूर्ण आपल्याला भरावे लागतील, ते माणशी आणखी ६८. वर्षाला वीस रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ चा आयुर्विमा, दोन्ही दोन-दोन लाखांचे, बँकेतून निघतात, तेही आपण भरू. वय चाळिशीच्या आत असेल तर श्रमयोगी मानधन योजनेत, हो, तिथेही मानधनच, साठीनंतर ३,००० पेन्शन आहे. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपयांचा हप्ता, तेवढाच केंद्राचा.

८,११२ हा काही चांगला पगार नाही. तो फक्त गाळ काढण्याच्या बरोबरीला आणतो. म्हणून मसुद्याच्या चौथ्या कलमात रकमेची जागा मी मोकळी ठेवली आहे, आणि पाचव्यात तक्रार आली तर उत्तर कोणी द्यायचं त्या दोन माणसांच्या नावांची. त्यातलं एक माझं धरा, दुसरं नाव गावात राहणाऱ्याचं हवं. कागद सचिवांकडे आहे, जेवणाच्या आधी वाचून घ्या.